चौथं चाक मालकाचं

त्यांच्या स्वतःच्या सायकलीला ब्रेक नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे हसण्यासारखं फार काही नाही. बारामतीहून इंदापूरकडे निघालं की रस्त्याकडेला त्यांची पत्र्याची शेड लागायची. आयुष्यभर लोकांच्या गाड्यांचे ब्रेक जोडून देणारा हा माणूस संध्याकाळी सायकलवर टांग टाकायचा आणि थांबायचं झालं की चप्पल मातीत घासत न्यायचा. कुणी टोकलं की म्हणायचे, "सायकलीला पाय हाय की. ब्रेक त्याला लागतो, ज्याचा पाय भुईला टेकत न्हाय."

सगळे त्यांना तात्या म्हणायचे. मीही म्हणायचो. ते मला सर म्हणायचे, कारण मी बारामतीत कॉलेजात कॉमर्स शिकवायचो.

हॉर्न दुरुस्त करायचं काम ते कधीच घेत नसत. "हॉर्न म्हंजे दुसऱ्याला म्हनायचं, तू थांब. आदी सोता थांबाय शिका." धाकट्या मुलीला आलेलं एक चांगलं स्थळ त्यांनी परत पाठवलं, कारण मुलगा मोटारसायकलवरून आला आणि दारात धुरळा उडवत करकचून थांबला. "जो दारात असा थांबतो, तो घरात कसा वागंल?" पोरीच्या आईने आठवडाभर अबोला धरला. तात्यांना अबोला आवडायचाच. ब्रेकचं काम चालू असताना शेडमध्ये कुणी बोलायचं नाही असा त्यांचा नियम होता. चहावाल्याने चहा दारातल्या पांढऱ्या फक्कीच्या रेघेबाहेर ठेवून जायचा. ऊस वाहणारे ट्रॉलीवाले, एरवी ज्यांचा आवाज पार कारखान्यापर्यंत जावा, तेसुद्धा त्या रेघेशी आले की देवळात आल्यासारखे चपला काढून उभे राहायचे.

आत जमिनीवर पांढरं कापड अंथरलेलं असायचं. त्यांच्या बायकोच्या जुन्या लुगड्याचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. त्यावर पेन्सिलीने आकार काढलेले होते: दोन अर्धचंद्र, ते ब्रेकचे शू. वरची स्प्रिंग, खालची स्प्रिंग. मधे बोटभर लांबीचं सिलिंडर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन छोटे गोल, त्या रबराच्या वाट्या. चाक उघडलं की प्रत्येक वस्तू साफ करून आपापल्या आकारावर ठेवायची, आणि जोडताना कापड रिकामं होत गेलं पाहिजे. "कापडावर काय उरलं, तर ते चाकात न्हाय. आन् चाकात न्हाय, तर मानूस घरी न्हाय."

आणि एरंडेल. ते औषधाच्या तपकिरी बाटलीत असायचं, इंदापूरच्या एका घाण्यावरून आणलेलं. रबराची वाटी सिलिंडरात घट्ट बसते, सहजी जात नाही. तिला तेलाचं बोट लावून सरकवावी लागते. तात्या फक्त एरंडेल लावायचे.

"तात्या, गाडीला जुलाब देताय व्हय?" एक ट्रॉलीवाला रेघेबाहेरून म्हणाला.

"गाडीला न्हाय हुनार. बाटली जागची हालली तर तुला हुतील."

मला मात्र त्यांनी नीट समजावलं होतं. "सर, रबर झाडाचं लेकरू हाय. त्याला झाडाचंच तेल पायजे. जमिनीतनं निगालेलं तेल लावलं की ते फुगतंय. आज न्हाय फुगत, उद्या न्हाय फुगत. चांगलं आठ-पंधरा दिस गोडीत ऱ्हातंय, आन् मग फुगतंय."

हे मला माहीत होतं. समोर बसवून, हातात वाटी देऊन सांगितलं होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

वडील इंदापुरात वकिली करायचे. त्यांच्याकडे एक जुनी विलायती मोटार होती, बदामी रंगाची, बसक्या बांध्याची. ते गेल्यावर ती कन्हेरीच्या आमच्या शेतातल्या शेडमध्ये धूळ खात पडली. अकरा वर्षांपूर्वी आई एकदा म्हणाली, "मला एकदा तिच्यातून पळसदेवला ने. पाणी ओसरलं की देऊळ दिसतं. लग्नानंतर माहेरी पहिल्यांदा गेले ती ह्याच गाडीतून." तिचं माहेर, म्हणजे जुनं गाव, उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. मी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची ठरवली. इंजिन पुण्याच्या माणसाने केलं, रंग बारामतीत झाला. ब्रेकसाठी सगळ्यांनी एकच नाव सांगितलं.

तात्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "तीन चाकं मी जोडनार. चौथं मालकानं."

मला वाटलं, गंमत करतायत. पण ती त्यांची जुनी रीत होती. गाडी कुणाचीही असो, साखर कारखान्याच्या साहेबाची असली तरी, मागचं डावं चाक मालकाने स्वतःच्या हाताने जोडायचं. "ज्याला हिच्यातनं फिरायचंय, त्याचा हात हिला लागला पायजे. मंग तो पॅडल दाबताना इचार करतो." आणि जोडून झालं की शेडमागच्या उतारावरून मालकाने गाडी सोडायची, खाली फक्कीच्या रेघेवर तात्या स्वतः उभे. गाडी त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबली पाहिजे. ते खाली वाकून उजव्या हाताची वीत लावून मोजायचे. त्यांच्या बायकोला ही रीत मान्य नव्हती. "मेल्यावर मला सांगा, मंग मी रडंन," ती म्हणायची.

तीन रविवार मी त्या कापडाशी बसलो. आयुष्यात इतका शांत मी क्वचित झालो असेन. तात्या पुढच्या चाकाशी, मी मागच्या. हत्याराचा आवाज आणि मधूनच त्यांचं पुटपुटत मोजणं.

चौथ्या रविवारी सिलिंडरात वाट्या बसवायच्या होत्या. बाटलीत एरंडेल नव्हतं. बाटली उपडी धरून तात्या म्हणाले, "थांबा सर. मी इंदापूरला जाऊन येतो. तवर हात लावू नगा." एका टेम्पोत बसून ते गेले.

मी थांबलो. तासभर थांबलो. दुपारी कॉलेजात परीक्षेच्या कामाची बैठक होती. मी घड्याळ बघत होतो. वाटी हातात घेऊन नुसतीच बसवून पाहिली, जाईना. कोपऱ्यात इंजिन ऑइलचा डबा होता. तेल ते तेल, असं मनात आलं. हे शब्द मला अजून तसेच आठवतात, कारण इतका मूर्ख विचार मी इतक्या शांतपणे कधी केलेला नाही. वाटी तेलात बुडवली, बोटाने सिलिंडर आतून पुसलं. दोन्ही वाट्या लोण्यासारख्या आत गेल्या. शू चढवले, स्प्रिंगा ताणल्या. कापड रिकामं झालं.

तात्या आले तेव्हा हातात भरलेली बाटली होती. घाम पुसत त्यांनी चाकाकडे पाहिलं.

"जोडलं?"

"हो."

"एरंडेल?"

"बाटलीच्या तळाशी होतं थोडं," मी म्हणालो. "पुरलं."

त्यांनी बाटली सकाळी माझ्यासमोरच उपडी केली होती. तरी माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "बरं झालं." कॉलेजातला माणूस अशा गोष्टीत खोटं बोलेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नसावं. त्यांनी स्प्रिंगा ओढून पाहिल्या, शू हलवून पाहिले. सगळं जागच्या जागी होतं.

उतारावर गाडी वीतभर अंतरावर थांबली. अगदी वीतभर. तात्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेच्या वेळी सांगता आलं असतं. मी बैठकीला गेलो.

तीन आठवड्यांनी आम्ही पळसदेवला निघालो. पहिला लांबचा पल्ला तात्या स्वतः चालवायचे, म्हणून ते स्टिअरिंगवर, मी शेजारी, आई मागच्या सीटवर काठपदराची साडी नेसून. भिगवणपर्यंत आई वडिलांच्या गोष्टी सांगत होती. पाण्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर समोरून मासळीच्या पाट्या डोक्यावर घेतलेल्या चार बायका चढून येत होत्या. तात्यांनी ब्रेक दाबला. पॅडल तळाला गेलं.

ते ओरडले नाहीत. उजवा हात खिडकीबाहेर काढून त्यांनी बायकांना बाजूला व्हायची खूण केली आणि मला म्हणाले, "सर, हँडब्रेक वढा. दोन्ही हातांनी." मी ओढला. गाडी मंदावली, पण थांबली नाही. बायका डावीकडे सरल्या, म्हणून त्यांनी गाडी उजवीकडे बाभळीवर घातली. त्यांचा हात आत यायच्या आत दार खोडावर आपटलं.

आईला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. बायकांना धक्काही लागला नाही. एक पाटी सांडली आणि ती बाई तात्यांचा हात बघून मासे गोळा करायचं विसरली.

मनगटाची हाडं जुळली, पण बोटं पुरती उघडेनात. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय विचारलं असेल? "सर, गाडी कुठं हाय? चाकं उघडून बघाय पायजेत. माझी चूक कुठं झाली, ते बघाय पायजे."

गाडी मी ट्रॉलीवर घालून कन्हेरीच्या शेडमध्ये नेली होती. वर ताडपत्री टाकून कुलूप लावलं होतं. मागच्या डाव्या चाकाखाली तेलाचा ओघळ होता, तो मी पाहिला होता. मी म्हणालो, "तात्या, गाडी भंगारात दिली."

त्यांनी हाताच्या बँडेजकडे पाहिलं. मग म्हणाले, "व्हय. आईसाब बसल्या हुत्या तिच्यात. ठिवनार तरी कशी."

नाक्यावर लोक बोलायला लागले. म्हातारा झाला, नजर गेली, एरंडेल लावत बसला आन् ब्रेक इसरला. मी तिथेच बाकड्यावर चहा पीत असायचो. कुणी माझ्याकडे बघून, "सर, तुमी वाचला बगा," म्हणालं की मी मान हलवायचो. कामं कमी झाली, पण शेड लोकांनी बंद पाडली नाही. ती तात्यांनी स्वतः बंद केली. "ज्याला आपली चूक सापडंना, त्यानं दुसऱ्याच्या गाडीला हात लावू नये," म्हणाले, आणि नव्या पळसदेवला मुलाकडे राहायला गेले.

दरवर्षी दिवाळीनंतर मी फराळाचा डबा घेऊन त्यांच्याकडे जायचो. का जायचो, ते आता वेगळं सांगायला नको. ओसरीवर तेच कापड अंथरलेलं असायचं आणि त्यावर कुठल्याशा भंगारातल्या जुन्या चाकाचे भाग. डाव्या हाताने, उजव्याच्या आखडलेल्या मुठीचा टेकू देत, ते जोडायचे. पुन्हा सुटं करायचे. दरवर्षी मला एक नवी चूक ऐकवायचे.

"सर, पुढच्या उजव्या चाकाची नळी म्या जास्त आवळली असनार. तिला चीर गेली."

पुढच्या वर्षी, "नळी न्हवं. वरच्या डब्यात हवा ऱ्हायली हुती."

त्याच्या पुढच्या वर्षी, "माझं ध्यान नव्हतं सर. त्या दिवशी पोरीचा फोन आलता. काय तरी इसरलो."

तीन चाकं त्यांची होती. अकरा वर्षं ते त्या तीनच चाकांत शोधत होते. चौथ्याबद्दल एकदाही बोलले नाहीत. मी करंजीचा तुकडा मोडत म्हणायचो, "असेल तात्या. असेल." त्यांची बायको, मी तिला मावशी म्हणतो, आतून म्हणायची, "सर, तुमी तरी सांगा ह्यांला. खुळं लागलंय." मी तरी सांगा! आणि मी डबा रिकामा करून घेऊन परत यायचो.

यंदा गेलो तेव्हा ओसरीवर कापड नव्हतं. ते घडी घालून एका पिशवीत ठेवलेलं होतं. तात्यांनी पिशवी माझ्याकडे सरकवली.

"घिऊन जावा. तुमाला आठवन ऱ्हाईल. मला काय आता सापडत न्हाय, सर. मरताना एवढंच वाटंल की कळलं न्हाय."

पिशवी मांडीवर घेऊन मी सांगितलं. ऑइलचा डबा, बैठक, तेल ते तेल, बाटलीचा तळ, चाकाखालचा ओघळ, ताडपत्री. सगळं. चार-पाच वाक्यांत संपलं ते. अकरा वर्षं मला ते फार मोठं वाटत होतं.

तात्यांनी विचारलं, "कुठलं चाक?"

"चौथं. मागचं डावं."

"मंजी पुढची दोन…"

"बरोबर होती."

"आन् मागचं उजवं?"

"तेही."

ते उठले. दारापर्यंत गेले, चौकट धरून उभे राहिले. "अगं," त्यांनी आत हाक मारली, आवाज पोरासारखा झाला होता, "ऐकलंस का? तिन्ही बरोबर हुती. माझी तिन्ही बरोबर हुती!"

मावशी बाहेर आली. तिने सगळं ऐकलेलंच होतं. माझ्याकडे बघत ती नवऱ्याला म्हणाली, "ह्यांच्यासाठी चा ठिवला हुता. ठिवू का मोरीत वतून दिऊ?"

तात्या माझ्याकडे वळले.

"गाडी भंगारात गेली न्हाय मंजी."

"नाही. कन्हेरीला आहे. तेव्हापासून कुलपात."

"उघडलीस?" सर गेलं होतं, तुमीही गेलं होतं. मला बरं वाटलं.

"नाही."

"तेल लावलंस ते एक झालं. मानसाच्या हातनं हुतं. म्याबी केल्यात चुका." ते चौकट सोडून पुढे आले. "पन गाडी गेली म्हनालास. मी दवाखान्यातनं येऊन इचारत हुतो, आन् तू गाडी गेली म्हनालास. त्याला मी काय म्हनू?"

चहा आला नाही.

निघताना ते म्हणाले, "मला सांगून काय उपेग? मला बोलले ते नाक्यावरचे. नाक्यावर जाऊन सांग. मग यिन मी कन्हेरीला."

नाक्यावर सांगणं जास्त अवघड गेलं. बाकड्यावर चार जुने ट्रॉलीवाले होते. दोघे म्हणाले, जाऊ द्या सर, जुनं झालं. तिसरा, जुलाबांची गंमत करणारा, तेव्हा तरुण होता, आता मिशा पांढऱ्या. तो कप खाली ठेवून म्हणाला, "आमी म्हाताऱ्याला काय काय बोललो. आन् तुमी तवा हितंच बसून चा पीत हुता की ओ, सर." मग त्याने बाकीच्यांना माझ्या चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. स्वतःही दिले नाहीत. चहा तसाच राहिला.

पुढच्या रविवारी तात्या एसटीने आले. ताडपत्री काढली. मागचं डावं चाक मी उघडलं. ड्रम गंजून बसला होता, ठोकून ठोकून निघाला. सिलिंडरातली वाटी बाहेर आली ती मऊ, फुगलेली, भिजलेल्या खजुरासारखी. तात्यांनी ती डाव्या तळहातावर घेतली, उन्हात धरली, बोटाने दाबून पाहिली. खिशातून रुमाल काढला, त्यात ती गुंडाळली आणि रुमाल परत खिशात ठेवला.

"चारी उघड," म्हणाले. "आता माझी तीन न्हाईत. चारी तुझी."

पाच रविवार लागले. कापड अंथरायचं, साफ करायचं, ठेवायचं, जोडायचं. नव्या वाट्या पुण्याहून आणल्या. एरंडेल मी स्वतः इंदापूरच्या घाण्यावरून आणलं. घाणा आता जुन्या मालकाचा मुलगा चालवतो. "गाडीला लावता व्हय?" त्याने विचारलं. "आमच्या आबांकडनं एकच गिऱ्हाईक न्यायचं, सायकलीवालं." तात्या स्टुलावर बसून बघायचे. काही चुकलं तर बोलायचे नाहीत, नुसता पाय आपटायचे. चौथ्या रविवारी मावशी त्यांच्याबरोबर आली. येताना भाकरी आणली होती. मला दिली.

परवा काम संपलं. इंजिन सुरू होत नव्हतं.

"इंजिन कशाला पायजे?" तात्या म्हणाले. "उतार हाय की."

शेतामागे कालव्याच्या भरावावरून खाली येणारा रस्ता आहे. आम्ही पाच-सहा जणांनी गाडी ढकलून वर चढवली. खाली तात्यांनी पिशवीतून फक्की काढून डाव्या हाताने रेघ मारली. वाकडी आली. ती पायाने पुसून पुन्हा मारली आणि तिच्यावर उभे राहिले.

मावशी म्हणाली, "मेल्यावर मला सांगा."

"तू तर हितंच हाईस. तुला कशाला सांगू?"

मी गाडी सोडली. उतार फार नाही, पण गाडी जड आहे. बाजूची बाभळीची झाडं मागे जाऊ लागली. खाली एक म्हातारा माणूस, एक हात छातीशी आखडलेला, गाडीकडे नाही, माझ्याकडे बघत होता. मी पॅडल दाबलं. ते पायाखाली भरीव लागलं. गाडी थांबली.

तात्या खाली वाकले, सवयीने उजवा हात पुढे केला. बोटं उघडली नाहीत. हात मागे घेऊन ते म्हणाले, "मोज."

मी उतरलो. त्यांच्या गुडघ्याशी बसून बंपरपर्यंत माझी वीत लावली.

"किती?"

"वीत. आणि वर चार बोटं."

"चार बोटं जादा," तात्या म्हणाले. "लवकर दाबलं."

"हो."

"का?"

"भीती वाटली."

त्यांनी रेघेकडे पाहिलं, पाय तिथेच होते.

"मला न्हाय वाटली," ते म्हणाले. "गाडी वर घ्या, सर. परत."